हरकत क्रमांक एकसष्ट

कायद्यात तसं कलम होतं म्हणून स्लावकाला बोलावलं जायचं. एरवी त्या नगरपालिकेत तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. शहराच्या आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायच्या तर सभागृहात खुणांच्या भाषेची दुभाषी हजर पाहिजे, असा नियम राजधानीहून, बेलग्रेडहून आला होता. साऱ्या जिल्ह्यात परवाना असलेली दुभाषी एकच, ती म्हणजे स्लावका. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बधिर. त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली. आता ती चोपन्न वर्षांची होती, आणि बावीस वर्षं कोर्टात, दवाखान्यात, पेन्शनच्या कचेरीत लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवून तिचं एक मत पक्कं झालं होतं. ज्याच्यापाशी सांगण्यासारखं काही असतं तो थोडक्यात सांगतो. ज्याच्यापाशी काहीच नसतं त्याला नगरपालिका माइक देते.

या खेपेचा मामला रेल्वेच्या फाटकाचा होता. मोरावा नदीच्या बाजूने जाणारा जुना रेल्वेमार्ग उखडून तिथे वेगवान गाड्यांचे रूळ टाकायचं काम चाललं होतं. शहरातली तीन फाटकं त्यात बंद होणार होती. पिठाच्या गिरणीजवळच्या फाटकावर इतकी वर्षं एक बाई बसायची, गाडी आली की दांडा खाली पाडायची आणि वर लाल झेंडा दाखवायची. तिला पेन्शनीत काढलं, तिची खोली पाडली, आणि नव्या आराखड्यात त्या जागी पायी ओलांडायची एक वाट दाखवली. गाडी येते आहे हे कळायला तिथे एक घंटा. फक्त घंटा. आधीच्या नकाशात लाल दिवाही होता, पण शेजारी दहा-दहा मजल्यांच्या दोन इमारती उभ्या राहत होत्या, आणि लुकलुकणारा लाल उजेड बेडरूममध्ये येणार असेल तर फ्लॅट कोण घेईल, असं बिल्डरने म्हटल्याबरोबर दिवा नकाशातून नाहीसा झाला.

रुळांपलीकडे, त्या वाटेच्या अगदी तोंडाशी, बधिरांचा क्लब होता. अडतीस सभासद. रोज सकाळी तेच रूळ ओलांडून ते कॉफी प्यायला आणि डोमिनो खेळायला जात.

नकाशा नियमाप्रमाणे तीस दिवस लोकांना पाहण्यासाठी लावला होता. तो लावला होता दुसऱ्या मजल्यावरच्या बोळकांडीत, फायलींच्या कपाटामागे. तिहोमिरने तो शोधून काढला. तिहोमिर क्लबचा सभासद, कारखान्यात साचे बनवणारा कारागीर होता, आता निवृत्त. आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी भांडलेल्या माणसाला नकाशा वाचायला वेळ लागत नाही. त्याने कपाट सरकवलं, खिशातली घडीची पट्टी काढून सगळं मोजलं, आणि सुबक अक्षरात हरकत लिहून दिली. तिला क्रमांक मिळाला एकसष्ट.

सुनावणी मंगळवारी सकाळी दहाला ठेवली होती, म्हणजे कामाला जाणारा कुणी फिरकायला नको. तरी चाळीसेक लोक आले. पहिल्या रांगेत तिहोमिर बसला होता, शेजारी क्लबची चिटणीस यागोदा, सत्तरी ओलांडलेली, एके काळची शिंपीण. त्यांच्यासमोर, मंचाच्या कडेला, स्लावका उभी.

अध्यक्ष होते प्रोफेसर वुकाशिन. ते राजधानीत शिकवत आणि महिन्यातून एकदा येऊन या शहराला कसं चालायचं ते सांगून जात. बोलण्याआधी ते ओठांचा चंबू करत, जणू गरम सूपवर फुंकर घालतायत. यागोदाने पाच मिनिटांत त्यांचं नाव ठेवलं, ओठांसमोर चमचा आणि एक फुंकर. बधिरांमध्ये माणसाचं नाव असंच पडतं आणि एकदा पडलं की जन्मभर चिकटतं.

प्रोफेसर वीस मिनिटं बोलले. शाश्वत गतिशीलता, एकात्मिक दृष्टिकोन, शहराच्या ऊतींची पुनर्जोडणी. स्लावकाचे हात अडखळायला लागले. तोंडाने पोकळ बोलता येतं, हातांनी येत नाही. हाताने रस्ता काढला की तो कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे दाखवावंच लागतं. शेवटी तिने दाखवलं, लोक चांगले चालतील.

"कुठून?" तिहोमिरच्या हातांनी विचारलं.

"ते सांगत नाहीयेत."

"मग एवढा वेळ काय बोलतायत?"

"हेच."

त्यानंतर हरकती सुरू झाल्या. एकूण दोनशे चौदा. एक कारकून क्रमांक आणि दोन ओळी वाचायचा, प्रोफेसर फुंकर घालायचे आणि म्हणायचे, "हरकत स्वीकारण्यात येत नाही." शाळेपुढचा बसथांबा उचलू नका, अशी एका बाईची हरकत होती. स्वीकारण्यात येत नाही. नदीकाठचं अक्रोडाचं झाड नकाशात दिसत नाही, असं एकाने लिहिलं होतं. झाड नकाशात नाही म्हणून हरकत स्वीकारण्यात येत नाही. तिसाव्या क्रमांकापासून यागोदा प्रोफेसरांनी तोंड उघडायच्या आधीच दोन्ही हात झटकून निकाल द्यायला लागली. मागच्या रांगेतल्या लोकांना ती खूण कळली आणि तेही हात झटकू लागले.

एकसष्टावा क्रमांक आला. कारकुनाने वाचलं, की बधिरांच्या क्लबच्या मते घंटेबरोबर दिवा आवश्यक आहे. प्रोफेसर म्हणाले की आवाजाची सूचना मानकाप्रमाणे आहे, ऐंशी डेसिबल, शंभर मीटरवरून स्पष्ट ऐकू येते.

स्लावकाने ते हातांनी सांगितलं. तिहोमिर उठून उभा राहिला. तो हातांनी बोलत गेला आणि त्याचा आवाज म्हणून ती बोलत गेली.

"ऐंशी काय, आठशे करा. मला ऐकू येत नाही, हे मी हरकतीच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. ती ओळ कुणी वाचली का?"

सभागृहात थोडं हसू पिकलं. प्रोफेसर शेजारच्या सदस्याच्या कानाला लागले. माइक चालूच होता. "निदान ही मंडळी तरी गप्प बसतील असं वाटलं होतं," ते म्हणाले.

शेजारचा सदस्य हसला. स्लावकाने क्षणभरही विचार केला नाही. खोलीत जे ऐकू येतं ते हातांवर आलं पाहिजे, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. तिने ते वाक्य दाखवलं आणि ते कोण बोललं तेही दाखवलं, चमच्यासकट.

तिहोमिरचा चेहरा बदलला नाही. त्याच्या खुणा मात्र सावकाश झाल्या आणि मोठ्या झाल्या. स्लावकाने आवाज दिला. "मी पन्नास वर्षं गप्प बसलोय, साहेब. कारखान्यात माझ्या साच्यातून निघालेला एक स्क्रू कधी परत आला नाही. तुम्ही तोंड उघडल्यापासून एक वाक्य सरळ निघालेलं नाही. आमचे अडतीस लोक रोज ते रूळ ओलांडतात. त्यातला पहिला कोण जाणार ते तुम्हीच ठरवा, आणि त्याच्या घरी सांगायलाही तुम्हीच जा."

प्रोफेसर लाल झाले, पण तिहोमिरकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते स्लावकाकडे वळले. "बाई, तुम्हाला इथे तुमची मतं मांडायला बोलावलेलं नाही."

"ही माझी मतं नाहीत," स्लावका म्हणाली. "माझी याहून वाईट आहेत."

बावीस वर्षांत कामावर उभी असताना तिने स्वतःचं म्हणून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. प्रोफेसरांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली.

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. शौर्य गाजवल्यासारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. दुभाष्याने मधे असून नसल्यासारखं असावं, असं ती स्वतः नव्या पोरींना शिकवायची, आणि आता परवाना जाणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आतून कारकुनाचा आवाज येत होता. राहिलेल्या दीडशे हरकती त्यांनी पाऊण तासात उरकल्या. तिहोमिर आणि यागोदा शेवटपर्यंत हलले नाहीत. एक शब्द कळत नसताना दोघं ताठ बसून राहिली. आपण उठलो असतो तर आपल्या मर्जीने गेले असं त्यांनी लिहून टाकलं असतं, असं तिहोमिरने नंतर तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्लावकाच्या दारात मिलुतिन उभा. याचं गिरणीजवळ गॅरेज होतं, आणि नव्या जोडरस्त्यात त्याचं अर्धं आवार जात होतं. तो दुरुस्तीच्या गाड्या क्लबच्या फुटपाथवर लावायचा. यागोदाने चारदा चिठ्ठी दिली तेव्हा तिच्यापुढे माकडासारखे हातवारे करून दाखवणारा हाच इसम. आज तो घरी गाळलेल्या अलुबुखाराच्या दारूची, राकियाची बाटली घेऊन आला होता.

"स्लावकाताई, तुमच्यावर फार अन्याय झाला हो," तो म्हणाला.

"तुझी हरकत कितवी होती?" तिने विचारलं.

"एकशे अडतीस." त्याने लाजण्याचं नाटकही केलं नाही. "म्हणजे तुम्हाला काढल्यानंतरची. दुभाषी नाही तर सुनावणी बेकायदा, असं माझा वकील म्हणतोय. तुम्ही फक्त किती वाजता बाहेर काढलं ते लिहून सही करा."

स्लावकाला तो माणूस पाहूनच किळस यायची. पण त्याचा कागद खरा होता. तिने वेळ लिहिली, सही केली आणि बाटली परत दिली.

मधल्या काळात दुभाष्यांच्या संघटनेकडून तिला लेखी ताकीद आली. ती तिने दोनदा वाचली आणि बरोबर आहे म्हणून ठेवून दिली. मग मंत्रालयातून पत्र आलं: सुनावणी रद्द, पुन्हा घ्यावी. नगरपालिकेने दुसरी दुभाषी शोधली. शेजारच्या जिल्ह्यातली एक तेवढी मोकळी होती, तिने किस्सा ऐकला होता, तिने नकार दिला. शेवटी तोच कारकून फोनवर आला. इतका गोड बोलायला लागला की स्लावकाने फोन कानापासून जरा लांब धरला. येते म्हणाली.

दुसऱ्या खेपेला प्रोफेसर शेजाऱ्याशी बोलताना माइकवर पंजा ठेवत होते. क्लबचे अडतीसच्या अडतीस सभासद आले होते आणि पुढच्या तीन रांगा त्यांनी भरल्या होत्या. स्लावका बोलली नाही. जे कानावर पडलं ते हातांवर दिलं, जे हातांवर दिसलं ते तोंडाने दिलं. एकसष्ट क्रमांक आला तेव्हा प्रोफेसरांनी कागद उचलून डोळ्यांसमोर धरला.

"हरकत अंशतः स्वीकारण्यात येत आहे."

अंशतः म्हणजे काय, तर दिवा बसणार, पण एकाच बाजूला. ज्या बाजूने तो इमारतींच्या खिडक्यांत दिसणार नाही, त्या बाजूला. क्लबला जाणाऱ्यांना गाडी येतेय हे कळेल. क्लबमधून घरी परतणाऱ्यांना कळणार नाही. असं का, हे तिहोमिरने स्लावकाच्या तोंडून विचारलं. उत्तर मिळालं, की दोन्ही बाजूंच्या हितांचा समतोल साधला आहे.

क्रमांक एकशे अडतीस पूर्णतः स्वीकारण्यात आला. जोडरस्ता गॅरेजला वळसा घालून नेला. मिलुतिनने उठून समितीला वाकून नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात तिहोमिर आणि यागोदा गॅरेजमध्ये गेले आणि स्लावकाला सोबत घेतलं. तिहोमिरने मागितलं काय, तर ट्रकला किंवा अवघड वळणावर लावतात तसला मोठा फुगीर आरसा. मिलुतिनने कपाळाला आठ्या घातल्या.

"फुकट?" त्याने विचारलं.

यागोदाने हात हलवले. स्लावकाने आवाज दिला. "आमच्यामुळे तुझं आवार वाचलं. आरसा दे आणि फुटपाथवरच्या गाड्या काढ. नाहीतर तू आम्हाला माकडासारखे हातवारे करून दाखवले होतेस ते आम्ही सगळ्या गावाला करून दाखवू. आम्हाला छान जमतं."

मिलुतिनने स्लावकाकडे बघितलं. "हे त्या बोलल्या की तुम्ही?"

"त्या," स्लावका म्हणाली. खरंच त्याच बोलल्या होत्या.

आरसा मिळाला. गाड्या निम्म्या हलल्या. तिहोमिरने चार दिवस खपून क्लबसमोर, रुळांच्या शहराकडच्या कुंपणावर लोखंडी कंस बसवला, आरसा नीट कलता केला, आणि परतीच्या वाटेवर उभ्या माणसाला पाठमोरा लाल दिवा आरशात स्वच्छ दिसू लागला. महिन्याभराने नगरपालिकेची नोटीस आली, की विनापरवाना बांधकाम पंधरा दिवसांत काढावं. यागोदाने ती डोमिनोच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातली. नोटिशीचं पुढे काही झालं नाही, कारण तेवढ्यात वाटेच्या उद्घाटनाची तारीख ठरली आणि राजधानीहून पाहुणे यायचे होते. कुणीतरी त्यांना आरसा दाखवला, त्यांना आवडला.

उद्घाटनाला प्रोफेसरही आले. फीत कापल्यावर त्यांनी ओठांचा चंबू केला आणि सर्व घटकांना सामावून घेणारं, कमी साधनांतलं, आरशाचं अभिनव तंत्र या शहराने विकसित केल्याचं सांगितलं. ते स्वतः या विषयावर एका परिषदेत बोलणार होते. पेपरवाल्यांनी त्यांना आरशाखाली उभं करून फोटो काढला.

स्लावका हे सगळं हातांनी सांगत होती, एक शब्द न गाळता. क्लबचे लोक तिच्याकडे बघून आलटूनपालटून हात झटकत होते. तिहोमिर मात्र तिच्याकडे बघतच नव्हता. फोटोवाल्याचा खांदा लागून आरसा दोन बोटं सरकला होता. तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला, प्रोफेसरांना खांद्याला धरून सौम्यपणे बाजूला केलं, खिशातून पाना काढला आणि आरसा परत जागेवर आणू लागला. प्रोफेसरांनी भाषण थांबवून विचारलं, हे काय चाललंय.

स्लावकाने तो प्रश्न तिहोमिरच्या पाठीला उद्देशून हातांनी विचारला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याचे दोन्ही हात कामात होते.

"ते काही बोलत नाहीयेत," तिने प्रोफेसरांना सांगितलं.