शुभहस्ते बिबट्या

माणूस आणि बिबट्या यांच्यातला हजारो वर्षांचा झगडा मंगळवारी सकाळी अकरा वाजता ढवळेवाडीच्या सभामंडपात कायमचा मिटणार होता. तो सव्वाबारापर्यंत लांबला, कारण माजी सरपंच सोपानराव दाढीला बसले होते आणि त्यांच्यावाचून वाडीत काहीच मिटत नसे.

तोवर विश्वजीत घामाघूम झाला होता. रांजणगावची नोकरी सोडून, आठ महिने खपून त्यानं ‘सावध’ नावाचं अ‍ॅप केलं होतं. त्यात एकच लाल बटण. बिबट्या दिसला की दाबायचं. चार किलोमीटरच्या आतल्या सगळ्या मोबाईलांवर भोंगा वाजणार. फोटो, नकाशा, चुकून दाबलं तर रद्द करायची सोय, हे सगळं पुढच्या खेपेला. आधी कमीत कमी चालेल एवढंच लोकांच्या हातात द्यायचं आणि वापर बघून बाकीचं बांधायचं, ही पद्धत त्यानं वाडीला दोनदा समजावली होती. “म्हंजी अर्धवट,” असा वाडीनं तिचा गोषवारा काढला. तरी सकाळी घरोघर फिरून त्यानं त्रेसष्ट मोबाईलांत ते टाकून दिलं होतं.

पहिल्या रांगेत वनरक्षक माया मॅडम बसल्या होत्या. त्यांनी आधीच सांगितलं होतं, “महिनाभर एकही खोटा अलर्ट गेला नाही, तर शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांसाठी मी साहेबांकडे शिफारस करते. एक जरी खोटा गेला, तरी मला फोन करू नका. आमच्याकडे पिंजरा एकच आहे.”

सोपानराव आले. फेटा बांधून घेतला, नारळ फोडला.

“बटन कवा दाबायचं?”

“आप्पा, नारळ फुटला की झालं उद्घाटन.”

“नारळ तर आम्ही बोअरला बी फोडतो. ह्याला बटन हाय न्हवं?”

“ते बिबट्या दिसल्यावरच दाबायचं.”

“आरं, पत्रिकेत माझ्या शुभहस्ते लिवलंय. हात हलवत घरी जाऊ व्हय?”

पत्रिका विश्वजीतनंच छापली होती. कुणी रुसू नये म्हणून शुभहस्तेखाली पाच नावं टाकली होती.

त्यानं झटकन लॅपटॉप उघडला. सर्व्हर दोन मिनिटं बंद केला की दाबा म्हणावं किती दाबायचं ते. पण लॅपटॉपला नेट मिळायचं त्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केल्यावर, आणि तो मोबाईल हळद-कुंकू लावून तबकात होता. तबक सोपानरावांपुढे होतं.

“आप्पा, एक मिनिट तो फोन...”

“सरक बाजूला, फोटोत येतूस.”

अंगठा हवेत थांबला, कॅमेऱ्याकडे बघून हसला म्हणावं तसा, आणि खाली आला.

त्रेसष्ट मोबाईल एकदम बोंबलले. सोपानरावांच्या विरोधी गटातले सोसायटीचे चेअरमन पृथ्वीराज उठले. “आमचंबी नाव हाय पत्रिकेत.” त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर दाबलं. मग उरलेल्या तिघांनी. मग ज्यांची नावं नव्हती त्यांनी रागानं. सहा मिनिटांत ढवळेवाडीत एकोणतीस बिबटे झाले.

शाळेनं दारं लावून घेतली. कांदा काढणाऱ्या बाया ट्रॉलीत चढून ओरडू लागल्या. माया मॅडमचा फोन वाजला. पिंजऱ्याची गाडी शेजारच्या न्हावऱ्यातच होती, निघाली.

मॅडमनी वही उघडली. “खरा कुठला?”

विश्वजीतनं तोंड उघडायच्या आत सोपानराव म्हणाले, “माझा! देवळामागं. शेपूट बघितली मी.”

“मी त्वांड बघितलं,” चेअरमन म्हणाले. अकरा वर्षांत प्रथमच दोघांचं एका जनावरावर एकमत झालं. दाबलेलं बटण मागे घ्यायचं म्हणजे मिळालेला मान मागे द्यायचा, कोण देणार? एकोणतीस साक्षीदार हात वर करून उभे राहिले.

विश्वजीतच्या लक्षात आलं की हे असंच लिहिलं गेलं, तर एकही अलर्ट खोटा ठरत नाही. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात मळ्यात राहणाऱ्या कुशाबाई धापा टाकत आल्या, हातात खुरपं तसंच.

“मॅडम, बिबट्या आलाय वो! माझ्या गोठ्यामागच्या उसात. करडू नेलं. नात एकटी हाय घरात, भायेरनं कडी लावून आले.”

“कुशे, दम धर. आधी आमचं लिवून हू दे,” सोपानराव म्हणाले.

“मावशी, बटण का नाही दाबलं?” विश्वजीतनं विचारलं.

कुशाबाईंनी कमरेचा जुना फोन काढला. “ह्याला वीस बटनं हायती. कंचं दाबू?”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. माया मॅडमनी फक्त विश्वजीतकडे पाहिलं. “गाडी देवळामागं लावू, की यांच्याकडं?”

पेन कागदावर टेकलं होतं. कडी घातलेलं घर काही विश्वजीतच्या डोळ्यांपुढून हलेना.

“मॅडम, आमचे एकोणतीसही खोटे आहेत. मावशींकडं न्या.”

मॅडमनी पान फाडलं, कुशाबाईंना गाडीत पुढे बसवलं आणि गेल्या.

सोपानरावांनी फेटा काढून टेबलावर आपटला. “भर सभेत खोटं पाडलंस व्हय रं मला? काढ हे माझ्या मोबाईलातनं!”

“माझ्यातनंबी,” चेअरमन म्हणाले.

काढायचं कसं ते कुणालाच येत नव्हतं. विश्वजीत खुर्चीत बसला, लोकांनी रांग लावली आणि तो एकेकाचं काढून देऊ लागला. मध्येच माया मॅडमचा फोन आला. नात सुखरूप होती, पिंजरा लागला होता आणि शिफारशीचं विसरायचं होतं.

साडेतीनला रांग संपली. ‘सावध’ आता एकाच मोबाईलवर होतं. तो विश्वजीतचा होता.