विरुद्ध बाजूचं पान

मित्रांनो, मी संगणक आहे आणि तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठा आहे. माझा पडदा एका कंपनीचा, डबा दुसऱ्या कंपनीचा आणि कळफलक तिसऱ्याच कंपनीचा. २००९ साली कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात दोन तासांत मला जोडलं आणि रिक्षात घालून पंचवटीत आणलं. गायखे बाईंनी मला घेतलं ते त्यांच्या मुलीसाठी, मनीषासाठी. ती तेव्हा कॉलेजात होती. चार वर्षांनी तिला नोकरी लागली, तिने लॅपटॉप घेतला, आणि माझ्यावर क्रोशाचा रुमाल आला. आमच्यात चार वर्षं म्हणजे साठीच.

त्या रुमालाखालून मला बाहेर काढलं ते निबंधांनी. बाई जवळच्याच शाळेत मराठी शिकवायच्या. एका रविवारी त्या जेवणाच्या टेबलावर नववीच्या वह्या तपासत होत्या आणि एकाएकी त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘माझी आई’ या विषयावर अडतीस मुलांनी एकच आई लिहिली होती. गाईडमधली. ती पहाटे उठून देवाजवळ दिवा लावायची आणि मुलांना गोड हाक मारून उठवायची.

“मनीषा, या एका मुलीची आई पहाटे चारला फुलबाजारात झेंडूच्या क्रेटवर बसलेली असते,” बाई म्हणाल्या. “दिवा कुठला लावते?”

पुढच्या आठवड्यात मी नववी ‘ब’च्या वर्गात, खिडकीशेजारच्या बाकावर होतो. शाळेत संगणकांची खोली होती, नाही असं नाही. पण तिला कुलूप असायचं आणि ते पाहुणे आले की उघडायचं. बाईंनी इंटरनेटसाठी स्वतःचं डोंगल मला लावलं, कळांवर मराठी अक्षरांचे छोटे कागद चिकटवले आणि मुलांचा ब्लॉग सुरू केला. त्याचं नाव ‘नववी ब’, एवढंच.

ब्लॉगवर लिहायची एक रीत होती. बाई एक प्रश्न द्यायच्या. शाळेत मोबाइल आणावा का, घरच्या शेतात काम केलं तर त्याचे गुण मिळावेत का, असे. मग प्रत्येकाने आपली बाजू हात वर करून सांगायची आणि लिहायची मात्र विरुद्ध बाजू. तीही अशी, की समोरच्याने वाचून म्हटलं पाहिजे, “हो, मला हेच म्हणायचं होतं.” तो तसं म्हणेपर्यंत पान ब्लॉगवर जायचं नाही. पानाच्या वर ‘विरुद्ध बाजू’ असं लिहायचं आणि खाली पूर्ण नाव. निनावी पान बाई घेतच नसत.

पहिल्या दिवशी वर्गाने ओरडा केला. “बाई, हे चीटिंग आहे!” “जे पटत नाही ते कसं लिहायचं?” पण दिवाळीनंतर तीच मुलं मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन माझ्यापुढे रांग लावू लागली. पोळीच्या तुपाचे डाग माझ्या कळांवर अजून आहेत. तिसऱ्या वर्षी वर्तमानपत्रात बातमी आली. फोटोत मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष खंडेराव ऊर्फ आबासाहेब आणि मी होतो. बाई नव्हत्या. फोटो काढायला कोणी तरी लागतंच.

मुलांची पानं सगळे वाचायचे. मुलांनी काय काय खोडलं ते फक्त मला ठाऊक असायचं. आधी टाइप केलेलं वाक्य, मग थांबलेलं बोट, मग एकेक अक्षर मागे घेणं. एरवी त्यात वाईट काही नसे. लिहिणारा माणूस खोडतोच.

२०१७ च्या फेब्रुवारीअखेरीस शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. पाहुण्यांच्या स्वागताला पाचवी ते नववीची मुलं मैदानात उभी केली होती. पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न दिला: पाहुण्यांच्या स्वागताला मुलांनी उभं राहावं का?

“लय झालं बाई, नाय राहायचं!” तृप्ती उभी राहूनच म्हणाली. ती म्हसरूळच्या फूलवाल्यांची.

“राहायला पाहिजे,” रुद्र म्हणाला. “आपल्याकडे आलेल्या माणसाचा मान असतो.” रुद्र हा आबासाहेबांचा नातू. हुशार, बोलायला गोड, आणि नातू असल्याचा तोरा फारसा नसलेला.

“छान. मग तृप्ती लिहील की राहावं आणि रुद्र लिहील की राहू नये.”

तृप्ती हसली. “सोपंय. पाहुणे आले तरच आमचा झेंडू खपतो.”

रुद्र मात्र दोन दिवस माझ्यापुढे नुसता बसून होता. “बाई, मला सुचतच नाही. मी स्टेजवर होतो. सावलीत.”

“मग उन्हात जाऊन ये,” बाई म्हणाल्या.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर तो खरंच मैदानात जाऊन उभा राहिला. मला खिडकीतून दिसत होता. तृप्ती पायरीवर घड्याळ घेऊन बसली होती. “अजून पाऊण तास, राजे! एवढ्या वेळात आमच्या रांगेतली पोरगी चक्कर येऊन पडली होती. तुम्ही पडणार का?” तो पडला नाही. पूर्ण वेळ उभा राहिला, लालबुंद चेहऱ्याने वर आला, पाणीही न पिता माझ्यापुढे बसला आणि एका दमात लिहून मोकळा झाला. त्यातली काही वाक्यं मला पाठ आहेत: ‘आम्ही पावणेदोन तास उभे राहिलो. पाहुणे अठरा मिनिटं होते. त्यातली दहा मिनिटं ते माझ्या आबांबरोबर चहा पीत होते. मान द्यायचाच असेल तर आबांनी उन्हात उभं राहून द्यावा, मुलांचा वापर करू नये.’

तृप्तीने वाचलं. तिने ते पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाली, “हो. मला हेच म्हणायचं होतं.”

पान ब्लॉगवर गेलं. खाली पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

आठवड्याभरात कोणी तरी त्या पानाचा फोटो काढला, वरचे ‘विरुद्ध बाजू’ हे शब्द कापले आणि तो गावभरच्या मोबाइलवर फिरवला. ‘अध्यक्षांचा नातूच म्हणतो…’ असं वर लिहून. आबासाहेबांच्या विरोधकांना दुसरं काय हवं होतं? आबासाहेबांचा समज असा झाला की आपल्याच नातवाच्या तोंडून बाईंनी हे वदवून घेतलंय. बाईंची चौकशी लागली.

चौकशीचा निकाल एका कागदावर ठरणार होता. रुद्रने खरं काय ते लिहून द्यायचं होतं. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक त्याला वर्गात घेऊन आले आणि माझ्यापुढे बसवलं. मुख्याध्यापक काही दुष्ट नव्हते. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती.

“तुझ्या शब्दांत लिही,” ते म्हणाले.

रुद्रने लिहिलं: ‘बाईंनी मला काय लिहायचं ते सांगितलं नाही. मी स्वतः मैदानात उभा राहिलो आणि मग मला जे वाटलं ते लिहिलं.’

मुख्याध्यापकांनी त्याच्या खांद्यावरून वाचलं. “बरोबर आहे. हे घरी आबांसमोर वाचून दाखवशील ना?”

रुद्र थांबला. मग त्याने सगळं मागे घेतलं. मित्रांनो, एका झटक्यात सगळं पुसता येतं, त्याला ते येतही होतं. पण त्याने एकेक अक्षर पुसलं. मग लिहिलं: ‘बाईंनी सांगितलं तसं मी लिहिलं.’

याही वाक्याचा अर्थ हवा तसा लावता येतो. तो कसा लावला गेला हे सांगायला नको.

त्या वर्गातल्या सगळ्या मुलांना समोरच्याची बाजू मांडता येत होती. आधीच्या तीन वर्षांच्या मुलांनाही. पण त्या आठवड्यात ब्लॉगवर एकही पान आलं नाही, पानाखाली एक शब्दही नाही. फक्त तृप्ती बाईंच्या बाजूने एक अर्ज लिहून घेऊन आली. बाईंनी तो वाचला आणि घडी घालून तिच्याच दप्तरात ठेवला. “पुढे तुझी दहावी आहे. हे आत्ता नको.”

“मग कधी?” तृप्ती म्हणाली.

बाईंनी तिच्या दप्तराची चेन लावली. पुढच्या वर्षी दहावी झाल्यावर तृप्तीने शाळेकडे पाठ फिरवली. तिने बाईंनाही तोंड दाखवलं नाही. मला तिचा राग समजतो.

जूनमध्ये बाईंची बदली वणीच्या पुढे, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. मी रिक्षातून घरी परत आलो. बाई पहाटेची एसटी पकडायच्या आणि अंधार पडता पडता यायच्या. पाय सुजलेले असायचे. मनीषा रविवारी यायची तेव्हा विचारायची, “आई, तिथे ब्लॉग सुरू केलास का?”

“तिथे मी धडे शिकवते,” बाई म्हणायच्या.

अडीच वर्षं त्यांनी नुसते धडे शिकवले आणि निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल मिळाली. ती माझ्यावर घातली होती.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. पावसाळा संपता संपता एका दुपारी त्या माझ्यापुढे येऊन बसल्या. मला सुरू व्हायला आता दहा मिनिटं लागतात. ब्लॉग तर माझ्यावर उघडतही नाही. बाईंनी शांतपणे वाट पाहिली आणि कोरं पान घेतलं. वर लिहिलं, ‘विरुद्ध बाजू’. आणि खाली रुद्रची बाजू लिहिली.

‘मी चौदा वर्षांचा आहे. माझ्या पाठीशी मुख्याध्यापक उभे आहेत. घरी जेवायला बसलो की समोर आबा असतात. बाई मला दिवसातून पस्तीस मिनिटं भेटतात. पस्तीस मिनिटांच्या माणसासाठी मी रोजच्या ताटावरून का उठावं? बाईंनी मला लिहायला शिकवलं. लिहिल्यानंतर काय होतं, ते शिकवलं नाही. ते त्यांनाही माहीत नव्हतं.’

असं दीड पान. खाली ‘उज्ज्वला गायखे’. त्यांनी काहीच खोडलं नाही. जानेवारीत त्या गेल्या.

मनीषाच्या मोबाइलवर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे निरोप येत राहिले. दोनशेच्या वर. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात. एकाचं वाक्य उचलून दुसऱ्याने पाठवलेलं. ती चार दिवस वाचत होती. पाचव्या दिवशी तिने मोबाइल उलटा करून ठेवला.

दहाव्यानंतर रुद्र भेटायला आला. आता तो बावीस वर्षांचा आहे. पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. “ताई, बाई म्हणजे आमच्यासाठी…” असं काहीसं म्हणू लागला, तेव्हा मनीषाने त्याला माझ्यापुढे बसवलं आणि बाईंचं पान दाखवलं.

तो वाचत होता तोवर ती खिडकीशी उभी होती. वाचून झाल्यावर त्याने डोळे पुसले. “ताई, बाईंनी मला माफ केलं.”

“माफी कुठे दिसली तुला? वर काय लिहिलंय बघ.”

त्याने वाचलं, ‘विरुद्ध बाजू’.

“तिने तुझी बाजू लिहिली. तिची कोणी लिहायची?”

रुद्र बसला. आधी दोन्ही हात मांडीवर ठेवून, मग कळांवर ठेवून. पाऊण तास लिहिलं. मैदानातलं ऊन, तृप्तीचं घड्याळ, मुख्याध्यापकांचा प्रश्न, पुसलेलं वाक्य, वणीची एसटी, सगळं. एक अक्षर त्याने मागे घेतलं नाही. सांगतो मित्रांनो, पान चांगलं होतं. बाईंनी घडवलेला मुलगाच तसं लिहू शकला असता.

मनीषाने वाचलं. “हो,” ती म्हणाली. “तिला हेच म्हणायचं होतं.” मग पान खालपर्यंत सरकवून म्हणाली, “नाव?”

“ताई, एक तारखेपासून मी संस्थेच्या ऑफिसात बसतोय. आबांना आता होत नाही. माझं नाव आलं तर घरात…” तो उठला होता. “तुमच्या नावाने ब्लॉगवर टाका ना. तुम्हीच लिहिलंय असं. कोणाला कळणारे?”

तिने कळफलक त्याच्याकडे सरकवला. तो चपला घालून पायऱ्या उतरला.

मनीषा घर रिकामं करते आहे. काल तिने बाईंचं पान पेनड्राइव्हवर घेतलं. रुद्रचं घेतलं नाही. ते कोणाचं म्हणून घ्यायचं?

सोमवारी ई-कचरा नेणारा माणूस येणार आहे. माझ्यासारख्यांनी शेवटी ‘आम्हाला जपा’ असं म्हणायचं असतं. मला ते म्हणायचं नाही. माझं तांबं वेगळं होईल, प्लास्टिक वेगळं होईल, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुमच्या शाळेतही कोणी बाई असतील, कोणी सर असतील, ज्यांनी तुम्हाला गाईड मिटून लिहायला लावलं असेल. उद्या त्यांच्यावर काही बालंट आलं, तर त्यांच्या घरी पोहोचायला आठ वर्षं लावू नका. त्याच दिवशी जा. दोन ओळी लिहा, खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी.

बाई ‘नको’ म्हणतील. तेवढं एक त्यांचं ऐकू नका.