साठीची फेरी

"वन्सं, नळकांडं फोटोत येतंय हो," ओक्सन हळूच म्हणाली.

मी झग्याचा घेर पसरून प्राणवायूच्या नळकांड्यापुढे फतकल मारली.

"तरी म्हटलं, ताई आज एवढी जवळ का सरकली!" दोंगचुल हसला. एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

माझा धाकटा भाऊ. आज त्याची साठी. फोनच्या काचेला बोट लागल्याचं कळतं, ते तिच्यावरच्या न दिसणाऱ्या थरामुळे. तो थर ज्या पाट्यांपासून चढवतात, त्या पाट्या गुमी शहरातल्या कारखान्यात घासण्यात याचा जन्म गेला. करडी भुकटी छातीत जात राहिली. आधी खोकला, मग धाप, मग डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं राठ झालीत, आता यातून सुटका नाही. आणि पाट्या घासायच्या त्याच खोलीत आता त्याचा एकुलता एक मुलगा सुंगवॉन कामाला होता. साठीच्या दिवशी बापाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून दोंगचुलने आजचाच मुहूर्त धरला होता.

सुंगवॉन गुडघे टेकून दोन्ही हातांनी पेला भरू लागला.

"ती खोली सोड, पोरा."

"बाबा, आज तरी नको."

"आजच."

"तुमच्या वेळचं वेगळं होतं. आता मुखवटे आहेत, धूळ ओढणारी यंत्रं आहेत. शिवाय घडी होणाऱ्या फोनच्या पडद्यांचं नवं काम आलंय."

"आम्हालाही... हेच सांगायचे."

माझ्याने राहवेना. "अरे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. तू तर त्याच दगडावर नाचतोयस!"

"आत्या, सूप गार होतंय तुमचं."

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि त्याचाच राग आला.

तेवढ्यात पाहुण्यांनी गलका केला, "उचल बापाला! फेरी, फेरी!" साठीला मुलगा बापाला पाठीवर घेऊन नाचवतो. ओक्सनने नवऱ्याच्या नाकातली नळी काढली. "जपून रे, त्यांना सोसायचं नाही," ती म्हणाली. आम्हा सगळ्यांचे डोळे दोंगचुलवर होते. हाडंच उरली होती त्याची, सुंगवॉनने त्याला सहज पाठीवर घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. दोंगचुल दोन्ही हात वर करून लहान मुलासारखा डोलायला लागला.

खोलीच्या मध्यावर सुंगवॉन थबकला.

"काय रे, एवढ्यात दमलास?" कुणीतरी डिवचलं.

तो कसाबसा दोन पावलं पुढे गेला आणि खाली बसला. मी धावले.

"काही नाही, आत्या... जरा जास्त... जेवलो."

मी त्याचं थांबणं मोजलं. दोनदा. पण दोंगचुलला माझ्या आधीच कळलं होतं. त्याची छाती पोराच्या पाठीला टेकलेली होती. वर केलेले हात त्याने खाली घेतले. सावकाश उतरला, पोराच्या पुढे गेला, पाठ वाकवून उकिडवा बसला आणि हात मागे केले.

"ये," तो म्हणाला. "चढ."

लोकांना ती गंमतच वाटली. त्यांनी टाळ्यांचा जोर वाढवला.