नऊ मीटरचा मोर

मी मोर बोलतोय. झाडावर बघू नका, इकडं, या स्टँडवर! नऊ मीटर केशरी कापडाचा, गळ्यात घालायचा मोर. या, बसा, माल नंतर बघा. आधी गोष्ट ऐका.

मला घडवलं रुचितानं. ही पोरगी कापडाला कात्री लावत नाही. फेट्याचं अख्खं कापड घ्यायचं, चुण्या घालायच्या, वाफेची इस्त्री फिरवायची आणि सगळा डोलारा एकाच धाग्यावर तोलायचा. तीन आठवड्यांत माझा पिसारा उभा राहिला. तिची आई म्हणाली, "हे घालून बसमध्ये शिरायचं कसं गं?"

तिचं पहिलं प्रदर्शन चार वाजता होतं. दाराजवळची मोक्याची जागा माझी. मी पोचलो नाही तर ती दुसऱ्याला जाणार. त्याच दुपारी तिच्या चुलतबहिणीचं लग्न. म्हणून मला पिशवीत घालून तिनं कार्यालयात आणलं आणि ठेवलं कुठं? फेट्यांच्या ढिगाशेजारी!

फेटे बांधत होते सयाजीराव. एक फेटा कमी पडला आणि नेमके राहिले हुपरीचे जिनपालमामा, नवरदेवाचे सख्खे मामा. ते चपला शोधायला लागले.

"फेटा न्हाय? मग मामा तरी कशाला पायजे? चाललो मी!"

"बसा की पावणं, हाय की ह्यो एक!" म्हणत सयाजीरावांनी पिशवीत हात घातला आणि धागा ओढला. सुर्रर्र! तीन आठवडे दोन सेकंदांत सुटले.

पण इस्त्रीनं बसलेल्या चुण्या मोडतात होय? मामांच्या डोक्यावर मी असा फुललो, की फोटोग्राफर नवरा-नवरीला सोडून आमच्याकडं वळला.

रुचिता आली. बघितलं. तोंडावर हात. घड्याळात सव्वातीन.

"मामा, उठा. माझ्याबरोबर चला."

"अगं, जिलेबी राहिलीया की!"

"बांधून घेते."

चारच्या ठोक्याला मामा दाराजवळ स्टुलावर, 'हात लावू नये' या पाटीखाली, जिलेबी खात! एका बाईंनी बोट पुढं केलं.

"ओ ताई, वाचाय येतंय न्हवं?"

"मामा, मान हलवू नका," रुचिता कुजबुजली.

"मग गिळू कशी?"

गर्दी हटेना. मला तर नाचावंसं वाटत होतं!

आता तिनं मला परत शिवलंय, त्याच एका धाग्यावर. सयाजीराव आता तिच्याकडंच कामाला आहेत, चुण्या घालतात. पाटीही आहे, तिचा मान राखा. पण धाग्याचं टोक, हे बघा, डाव्या पंखाखाली, लोंबतंय. तुमच्याकडं लग्न असेल, एखादे मामा रुसले असतील, तर पाटीकडं पाठ करा... आणि ओढा की एकदा!