पंचाची रिकामी खुर्ची

मी तापट आहे हे आमच्या अख्ख्या करामा वस्तीला ठाऊक आहे. आमचे हे म्हणतात, दुबईचा उन्हाळा परवडला, तो निदान ऑक्टोबरात उतरतो. त्यामुळे मी कुणाचं कौतुक करायला लागले की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. पण मैमुनाबींचं नाव निघालं की मी कौतुक करते आणि करणार. आज माझी मुलगी आणि आम्ही जे काही आहोत, त्यात त्या बाईचा मोठा वाटा आहे.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली. आमचं रत्नागिरीकरांचं मंडळ होतं, हिंदू-मुसलमान सगळे त्यात. मंडळाचा एक जुना शिरस्ता असा, की आपापसातली भांडणं पोलिसात न्यायची नाहीत, तीन पंचांपुढे न्यायची आणि ते देतील तो निकाल मानायचा. हे पंच सगळ्यांनी मिळून निवडायचे नाहीत. प्रत्येक बिल्डिंगनं आपला एक प्रतिनिधी द्यायचा आणि प्रतिनिधींच्या सभेनं पंच निवडायचा. एकदा निवडला की तो गल्फ सोडून जाईपर्यंत पंच. निकाल आवडला नाही म्हणून कुणी त्याला खाली ओढू शकत नसे. आमच्या पर्णिकेला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, सम अमेरिकन स्टेट्स डू द सेम. लेजिस्लेचर जजेस निवडते."

"असेल," मी म्हटलं, "आमच्याकडूनच शिकले असतील."

आदल्या डिसेंबरात आमचे एक पंच जगन्नाथकाका कायमचे गुहागरला गेले आणि तिसऱ्या पंचाची खुर्ची रिकामी झाली. नेमकं आमचं भांडण तेव्हा पंचांपुढे होतं. आमचे हे, म्हणजे विलास, आणि मंडळातलाच सत्यजित, दोघांनी मिळून कॅफेटेरिया काढलेला. लायसन्स अरबाच्या नावावर, सह्यांचा अधिकार सत्यजितला. विलास तोंडी भागीदार आणि कागदावर कुक. दोघांचं बिनसलं. सत्यजित म्हणाला, मी याचा व्हिसा रद्द करतो, एनओसी देणार नाही. त्या काळी एनओसी नसली की दुसरी नोकरी धरता यायची नाही. सरळ बॅन आणि सरळ घर. मार्चमध्ये पर्णिकेची दहावीची बोर्डाची परीक्षा होती. आमचा सगळा जीव तिथं अडकलेला. उरलेल्या दोन पंचांपैकी एक म्हणे सत्यजितचं बरोबर, दुसरा म्हणे विलासचं. म्हणजे तिसरा पंच येईल तो आमचं नशीब ठरवणार.

दोन नावं आली. एक अडूरकर, ट्रॅव्हल एजन्सीवाले. त्यांची ऊठबस सत्यजितकडे. दुसऱ्या मैमुनाबी, मूळच्या दाभोळच्या, नवऱ्यामागं टेलरिंगचं दुकान वाढवलेल्या. मोजकं बोलायच्या आणि तोंडावर बोलायच्या. मी आमच्या बिल्डिंगची प्रतिनिधी. माझं मत कुणाला, हे विचारायलाही नको होतं. पर्णिका तेवढ्यात म्हणालीच, "आई, यू शुडन्ट वोट. इट्स अवर केस."

"असा नियम लावला तर सभेला नुसत्या खुर्च्या उरतील. इथं कोण कुणाचा लागत नाही? अभ्यासाला बस."

एक नियम मात्र कडक होता, जगन्नाथकाकांनीच घातलेला. नावं जाहीर झाल्यापासून मतदान होईपर्यंत उमेदवारानं मत मागायचं नाही आणि प्रतिनिधीनं त्याच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही. आणि नेमका तेव्हा रमजान लागला.

मैमुनाबींच्या घरून रमजानात शेजारीपाजारी इफ्तारीची ताटं जायची. खजूर, भजी, फळं आणि त्यांच्या हातची सांदणं. वर्षानुवर्षांची रीत. त्या वर्षीही ताट आलं, मी घेतलं, वाढलं आणि खाल्लं. नियम माझ्या ध्यानीमनीही नव्हता. पर्णिकेनं विचारलं, "इज धिस अलाउड?" मी म्हटलं, "अन्न आहे ते, लाच नाही. जेव." खरं सांगते, आजही मला तसंच वाटतं.

संक्रांत झाली आणि त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर सभा भरली. रमजान म्हणून चहापाणी नव्हतं. अध्यक्ष मुनीरभाई. उमेदवार पद्धतीप्रमाणे बाहेर पॅसेजमध्ये बसलेले. प्रतिनिधी पुढं, बाकी मंडळी मागं. विलास आणि सत्यजितही मागंच, दोन टोकांना. मुनीरभाई मतं घ्यायला उठले, तशी सत्यजितच्या बिल्डिंगची प्रतिनिधी प्रभावती उभी राहिली.

"माझी हरकत आहे. मैमुनाबींनी प्रतिनिधींच्या घरी ताटं पाठवली. माझ्याकडेही आलं होतं. मी परत केलं."

मी ताडकन उठले. "अहो, रमजानचं ताट ते! परत करणाऱ्याला लाज वाटायला हवी, पाठवणाऱ्याला नाही!"

"सुजातावहिनी, बसा प्लीज," मुनीरभाई गयावया करत म्हणाले आणि त्यांनी मैमुनाबींना आत बोलावलं.

त्या आल्या. रोज्यानं ओठ सुकलेले. हरकत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "पाठवली. रमजानात शेजाऱ्याचं ताट थांबवणं माझ्याच्यानं झालं नाही. नियम मला ठाऊक होता, तेही खरं. मला वाटलं, रीत मोठी की नियम मोठा हे कुणी विचारणार नाही. प्रभावतीनं विचारलं, बरं केलं."

"मग आता काय करायचं?" मुनीरभाई.

"माझं नाव ठेवायचं की काढायचं, ते सभा ठरवेल. पण ठेवलंत तर ज्यांनी माझं खाल्लं त्यांनी आज मत देऊ नये."

मला तर वाटलं या बाईला भोवळ आली असावी. हिची माणसं म्हणजे ही खाणारीच, आणि त्यांनाच उठवून लावते! पण सभेला ते पटलं. नाव राहिलं आणि आम्ही खाणारे एकेक करून मागं जाऊन बसलो. मी विलासशेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता माझा हात धरला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी मीठ खाल्लं आणि त्यापायीच मत घालवून बसले.

पुढं मत देणारे थोडेच उरले. मतदान आमच्याकडे उभं राहून, नाव घेऊन. अडूरकर. मैमुनाबी. अडूरकर. पर्णिकेची पुस्तकं खोक्यात भरताना मला दिसायला लागली. मतं बरोबरीला आली आणि शेवटी राहिली प्रभावती. मी डोळे मिटले. आता काय ऐकायचं उरलं होतं?

प्रभावती म्हणाली, "ते ताट परत पाठवलं तेव्हा माझी मुलं रुसली. सांदणांचा वास घरभर होता. तरी पाठवलं, कारण नियम. अडूरकरांना मत द्यायचं ठरवून आले होते. पण ज्या बाईनं आपलीच माणसं उठवून मागं बसवली, तिच्यापुढं उद्या माझं भांडण गेलं तर मला स्वस्थ झोप लागेल. माझं मत मैमुनाबींना."

ज्या प्रभावतीला मी मघाशी भर सभेत लाज काढून बोलले, तिच्या गळ्यात जाऊन पडले. ती म्हणाली, "अगं, सोड, साडी!"

पुढच्या शुक्रवारी पंच बसले. मैमुनाबींनी विलासला आणि सत्यजितला सारखंच उलटसुलट विचारलं. मग निकाल दिला. विलासचं बरोबर म्हणणाऱ्या पंचानं मान डोलावली, म्हणजे तिघांत दोघे झाले. कॅफेटेरिया सत्यजितचा. पण मुलीची परीक्षा होईपर्यंत व्हिसाला हात लावायचा नाही आणि त्यानंतर बिनशर्त एनओसी द्यायची.

मला काही क्षण फक्त पहिलंच ऐकू आलं. यांनी रक्ताचं पाणी केलेलं ते दुकान गेलं! मी तोंड उघडणार तेवढ्यात विलास म्हणाले, "सुजाता, खलास, बस झालं. आपण राहतोय. कळतंय का तुला? आपण राहतोय."

तेव्हा कळलं.

मगरिबची, रोजा सोडायची वेळ जवळ आली होती. मी धावत घरी गेले, तीळगूळ काढला, खजूर मांडले, चहा टाकला. निकाल लागला होता, आता आमच्या घरचं खायला त्यांना आडकाठी नव्हती. त्यांचा रोजा आज माझ्या हातानं सुटावा एवढंच मनात होतं. अजान झाली. त्या आल्या नाहीत. खिडकीतून पाहते तर मैमुनाबी समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरताना दिसल्या. सत्यजितकडे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचा चहा उकळून उकळून कडू झाला.

बऱ्याच वेळानं बेल वाजली. दारात मैमुनाबी, आणि त्यांच्या मागं मान खाली घालून सत्यजित.

"रागावलीस?" त्या म्हणाल्या. "अगं, तुला हवं ते मिळालं होतं. मी आधी तुझ्याकडे पाणी प्याले असते तर याला वाटलं असतं, ताटाची परतफेड झाली. माझ्यामागं ना पोलीस, ना कोर्ट. यानं मनापासून मानला तरच तो निकाल. आता दे तुझा तीळगूळ. आणि चहा ताजा कर, सत्यजित उकळलेला प्यायचा नाही."

मी तीळगूळ त्यांच्या हातावर ठेवला. मग सत्यजितच्या. त्याला गोड बोल म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण म्हटलं. पर्णिका पुस्तक घेऊन आतून डोकावली तेव्हा सत्यजितनं विचारलं, "पेपर कधी सुरू होतायत गं?"

"फर्स्ट वीक ऑफ मार्च, काका."

"नीट लिही," तो म्हणाला. "तुझ्या बाबांची एनओसी मी स्वतः आणून देईन."

आणि एप्रिलमध्ये त्यानं खरंच आणून दिली. पण त्या संध्याकाळी ते अजून माहीत नव्हतं. मी चहा ताजा करायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले. बाहेर मैमुनाबी विलासना सांगत होत्या, "रडू दे तिला. सभेत ओरडण्यापेक्षा बरं."