फिलिपाचा उजवा हात

दुबईत अल बर्शातल्या एका टेनिस क्लबात फिलिपा शिकवायला आली तेव्हा पालकांनी तिची माहिती इंटरनेटवर शोधली. पोर्तुगालची, एके काळी जगातल्या पहिल्या शंभरांत, आणि ऐन उमेदीत निवृत्त. का, ते कुठे नव्हतं. ती डाव्या हाताने खेळायची, कमी बोलायची आणि भर उन्हातही लांब बाह्यांचं जॅकेट घालायची. सूर्यकांत आणि मंजुषाची मुलगी ईश्वरी तिची लाडकी विद्यार्थिनी.

ईश्वरीचा खांदा काही आठवडे दुखत होता. फिलिपाने विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. पण चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत पोरगी फायनलला पोचली आणि सूर्यकांतला राहवेना. सकाळी त्याने पुण्याहून आणून ठेवलेली जोरदार पेनकिलर तिला दुधाबरोबर दिली. मंजुषाला सांगितलं नाही.

पहिला सेट ईश्वरीने सहज घेतला. दुसऱ्यातही ती पुढे होती. मधल्या विश्रांतीत फिलिपा खाली उतरली आणि तिने ईश्वरीचा सुजलेला खांदा दाबून बघितला. पोरगी हललीसुद्धा नाही.

फिलिपाने काय घेतलंस म्हणून विचारलं. ईश्वरीने स्टँडमधल्या वडिलांकडे बघितलं. फिलिपा तशीच पंचांकडे गेली आणि ईश्वरी माघार घेतेय म्हणून सांगून आली.

सूर्यकांत धावत खाली आला. "ती जिंकत होती! तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?"

फिलिपाने जॅकेट उतरवलं. तिचा उजवा हात लहान मुलाच्या हातासारखा बारीक होता, खांद्यावर जुन्या टाक्यांचे वण. तिने तो वर उचलायचा प्रयत्न केला. छातीपर्यंतही आला नाही.

"मी उजव्या हाताने खेळायचे," ती म्हणाली. "माझे वडीलच माझे कोच होते. मॅचआधी खांद्यात इंजेक्शन द्यायचे. लिस्बनच्या सेमीफायनलला आतलं सगळं फाटलं आणि मला कळलंच नाही. रॅकेट पडल्याचा आवाज आला तेव्हा मी खाली बघितलं. मीही जिंकत होते."

सूर्यकांत तिथल्याच बाकावर बसला.

मंजुषा मागे येऊन उभी होती. "तू तिला काय दिलंस?" तिने विचारलं. तो सांगत असताना तिने ईश्वरीला जवळ ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. स्नायू अर्धा फाटला होता. आणखी थोडी सर्व्हिस केली असती तर उरलेलाही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. गाडी घराजवळ आल्यावर ईश्वरी म्हणाली, "बाबा, यू टोल्ड मी इट वॉज अ व्हिटॅमिन."

मंजुषाने झटकन त्याच्याकडे बघितलं. हे तिला नवीन होतं.

थंडीत ईश्वरी पुन्हा खेळू लागली. परत घेताना फिलिपाने एकच अट घातली होती, वडील कोर्टाजवळ येणार नाहीत. आता मंजुषा आत बसते. सूर्यकांत पार्किंगमध्ये, काचा वर करून.