तनुजा मॅडमच्या लक्षात

पिवळी फीत. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत पिवळी असली की माणूस कंत्राटी, निळी असली की कायम... आणि पिवळीनं मानेला खाज सुटते, निळीनं सुटत नसणार, असं विजयश्रीला गेली कैक वर्षं वाटत आलेलं. तळेगाव चौकाच्या अलीकडे, नेहमीच्या जागी, कंपनीची बस रुतली होती – पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर – आणि मांडीवरच्या कागदावर एकच शब्द होता: 'स्मरण'. रविवारी दिघीच्या चर्चमध्ये भगिनी मंडळापुढे तिला बोलायचं होतं. हिब्रू शास्त्रात आठवण म्हणजे काय, हा विषय पाळकसाहेबांनी दिला होता, आणि देताना वर हसून म्हणाले होते, सोपा आहे.

सोपा होताच. नोहाचं तारू पाण्यावर हेलकावे खातंय, आत सगळ्या जनावरांचा तो वास, तो गोंगाट, आणि देवाला नोहाची आठवण झाली. झाली म्हणजे देव काही सुस्कारा टाकून 'भला माणूस हो' म्हणत बसला नाही. त्यानं वारा सोडला, पाणी ओसरायला लागलं. मूल नसलेल्या हन्नाची आठवण झाली, तिची कूस उजवली. तिथे आठवण झाली की काम झालंच, मधे फट नाही. आणि आपल्याकडे... आपल्याकडे कुणी 'लक्षात आहे हं तुमचं' म्हणालं की समजावं, पाणी सोडा त्या कामावर. एवढंच लिहायचं होतं, पण लिहायला घेतलं की मधेच तनुजा मॅडम येऊन उभी राहत होती.

मॅडम अलीकडची. आधी नुसती तनुजा – कंपनी आहे त्या महाळुंग्यातल्याच जुन्या शेतकरी घरातली, डिस्पॅचमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, डब्यात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून आणणारी. एचआरच्या मुलाखतीआधी रडकुंडीला आली होती, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मीच प्रश्न विचारून विचारून तिला तयार केलं, मीच म्हटलं, बघ, तुझंच होणार. झालं की! जाताना हात धरून म्हणाली, "विजू, तिकडं गेले की पहिलं काम तुझं." अगदी योसेफाचीच गोष्ट. तुरुंगात त्यानं फारो राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगितला – तू सुटशील, पुन्हा राजाच्या हातात प्याला देशील, तेव्हा माझी आठवण ठेव. तो सुटला आणि साफ विसरला. त्या प्यालेबरदाराचं शास्त्रात नावसुद्धा दिलेलं नाही, याचं विजयश्रीला फार समाधान वाटायचं. तिच्यापुरतं मात्र त्याला आता नाव होतं, आणि कोरलेल्या भुवयाही होत्या.

कायम करायच्या माणसांची नावं आज संध्याकाळी मुख्य कार्यालयाला जाणार, हे साऱ्या कंपनीला ठाऊक होतं. या खेपेला राहिलं तर पुढच्या खेपेपर्यंत वय उलटून गेलेलं. पण विजयश्री सकाळभर बिलं काढत राहिली आणि एचआरच्या जिन्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही... आपण होऊन कशाला जायचं? तिला आठवायला नको?

"ताई, जाऊन आलात का वर?" फोर्कलिफ्ट चालवणारा धम्मपाल चहाचा कप घेऊन टेबलापाशी आला. पिंपरीचा, तोंडाळ, मागच्या खेपेला कायम झालेला.

"तिच्या लक्षात आहे."

"लक्षात काय, माझ्या पण लक्षात आहे. मी साहेबांना रोज आठवण द्यायचो. सकाळी एक, जेवणानंतर एक. डॉक्टरच्या गोळ्या असतात ना, तशी. शेवटी वैतागून केलं त्यांनी."

"मला नाही जमत असलं."

"मग रडू नका राव," म्हणून तो गेला. मी कुठे रडत होते?

तिला त्याचा रागच आला. मागायला लाज नसते काही लोकांना... आणि मग एकदम, बिलावर शिक्का मारता मारता, तिला ते इंद्रधनुष्य आठवलं. पूर ओसरल्यावर देवानं ढगात धनुष्य ठेवलं, आणि कशासाठी, तर ते दिसलं की मला माझ्या वचनाची आठवण होईल, असं तो स्वतःच म्हणाला. म्हणजे साक्षात देवानं पदराला गाठ मारून ठेवली होती! आणि ती स्तोत्रं म्हणणारी माणसं? आठव, जागा हो, किती वेळ विसरणार आहेस... पानोपानी तगादा. धम्मपालचीच जात सगळी. देवाच्या मागे लागायला कुणी लाजलं नाही, आणि मी जिना चढायला लाजतेय. लाजतेय तरी का? या प्रश्नाचं जे उत्तर आतून आलं ते तिला मुळीच आवडलं नाही. विसरलं जाण्यात एक सुख होतं. घरी, बसमध्ये, प्रार्थनेत, कुठेही काढून चघळता येणारं, फुकटचं. तनुजानं काम केलंच असतं, तर ते गेलं असतं हातचं.

चार वाजता ती जिना चढली.

"अगं विजू! ये ना," तनुजा संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "लक्षात आहे हं माझ्या."

'हो हो, घाई नाही काही' – हे वाक्य विजयश्रीच्या जिभेवर तयारच होतं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. ते तिनं गिळलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"मग आत्ता कर. मी बसते."

"आत्ता व्हय?" तनुजा दचकली, आणि तिच्या तोंडून घरचं महाळुंगं बाहेर पडलं. "न्हाई म्हंजे... करते ना. साहेबांना विचारावं लागंल."

"विचार. मला कायम व्हायचंय, तनुजा."

तनुजानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बोटं चालायला लागली. पडद्याची पाठ विजयश्रीकडे होती. त्यावर तिचं नाव उमटत होतं की तनुजा कुणाला तरी 'वाचवा' म्हणून निरोप धाडत होती, कळायला मार्ग नव्हता. मघापर्यंत जवळ असलेला राग विजयश्री चाचपून पाहत होती, तर तो सापडेना. त्याच्या जागी नुसती भीती होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. मिळालं नाही तर? आता तर प्यालेबरदारावरही ढकलता येणार नाही... तिनं मागितलं होतं, स्वतःच्या तोंडानं, आणि तिला ते हवं होतं, फार हवं होतं, आणि ते लपवायला आता तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.